उजवा मेंदू, डावा मेंदू आणि सातवींतला मुलगा

शाळांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या असतांना गेल्या फाल्गुनांत एका दुपारीं माझी भाची अचानक आमच्या घरीं आली. एरवीं दाराशीं चपला काढतां काढतांच तिच्या दोन गोष्टी सांगून झालेल्या असतात. त्या दिवशीं मात्र ती झोपाळ्यावर बसून राहिली आणि चहा हातांत निवत गेला तरी बोलेना. अखेरीस तिनें पर्समधून एक गुळगुळीत, रंगीबेरंगी पत्रक काढून माझ्यापुढें ठेवलें. "मावशी, तूं हें वाच आणि मला खरें तें सांग," ती म्हणाली.

पत्रकावर मेंदूचें चित्र होतें. डावा अर्धा भाग करडा, त्यांत आंकडे, सूत्रें आणि मोजपट्टी. उजवा अर्धा भाग इंद्रधनुष्यासारखा, त्यांत फुलपांखरें, सतार आणि कुंचले. खालीं मजकूर असा कीं, आपल्या शाळा मुलांचा केवळ डावा मेंदू राबवितात आणि उजवा जन्मभर निजलेला राहतो. तो सुटीच्या सहा आठवड्यांत जागा करून देण्यांत येईल, इतका कीं, मूल डोळे बांधूनहि वाचूं लागेल. शुल्क पंचवीस हजार रुपये. महिनाअखेरपर्यंत नांव नोंदविल्यास सवलत.

मुलगा सातवींत. सहावीपर्यंत गुण बरे होते. यंदा सहामाहींत गणित आणि शास्त्र दोन्हींत खालीं आला. वर्गशिक्षिकांनीं बोलावून सांगितलें कीं, त्याचें लक्ष नसतें, इतिहासाच्या वहीच्या समासांत तो बुरूज, तोफा आणि घोडे काढीत बसतो. जांवईबापू अभियंते आहेत; त्यांनीं लागलीच ठरविलें कीं, रविवारचा चित्रकलेचा वर्ग बंद करावा आणि त्या वेळीं गणिताची शिकवणी ठेवावी. भाचीला तें पटत नव्हतें, कारण आठवड्यांत तेवढ्या एकाच दिवशीं मुलगा न उठवतां उठतो. त्यांत कोणा मैत्रिणीनें हें पत्रक दिलें. "बघ ना मावशी, चित्रें म्हणजे उजवा मेंदू. तो जागा झाला कीं गणितहि सुधारतें, असें ते म्हणतात. मग त्याची चित्रकलाहि राहील आणि ह्यांचेंहि समाधान होईल."

त्या "म्हणतात" या शब्दांत एवढी आशा होती कीं, पत्रक चुरगाळून टाकण्याचा माझा पहिला विचार मीं आवरला. मीं एकतीस वर्षें पांचवी ते आठवीच्या मुलींना इतिहास-भूगोल शिकविला आहे. समासांत चित्रें काढणारीं मुलें मला नवीं नाहींत, आणि त्यांच्या आयाहि नाहींत. पुष्कळ वाचकांच्या घरीं असें पत्रक एव्हांना पोंचलें असेल, म्हणून त्या दुपारीं भाचीला जें सांगितलें तें, आणि त्या वेळीं सुचलें नाहीं तेंहि, येथें मांडीत आहें.

या डाव्याउजव्याचें मूळ खोटें नाहीं. तें खऱ्या शास्त्रांतच आहे. १८६१ सालीं पॅरिसमध्यें पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे एक रोगी आला. त्याला दुसऱ्याचें बोलणें समजे, पण स्वतःच्या तोंडून "टॅन" एवढाच ध्वनि निघे. तो मरण पावल्यावर ब्रोकानें मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. वाणीचें स्थान बहुतेकांच्या डाव्या गोलार्धांत असतें, ही गोष्ट तेव्हांपासून मान्य झाली. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९६० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रॉजर स्पेरी आणि त्यांचे सहकारी यांनीं कांहीं विलक्षण रोग्यांचा अभ्यास केला. या लोकांना अपस्माराचे इतके भयंकर झटके येत कीं, अखेरचा उपाय म्हणून त्यांच्या मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जुडगा शल्यवैद्यांनीं कापला होता. या जुडग्यांत सुमारें वीस कोटि तंतू असतात. तो दोन गोलार्धांमधला पूलच होय. अशा रोग्याला नजरेच्या डाव्या बाजूस क्षणभर एक शब्द दाखवीत. त्याची वर्दी उजव्या गोलार्धाला जाई. रोगी तोंडानें म्हणे, "मला कांहींच दिसलें नाहीं", आणि त्याच वेळीं पडद्याआड त्याचा डावा हात चांचपून नेमकी तीच वस्तु उचली! या संशोधनाबद्दल स्पेरींना १९८१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

यांतून निष्पन्न झालें तें एवढेंच कीं, पूल तोडला तर दोन गोलार्धांचीं कामें निरनिराळीं दिसतात. आमच्या नातवाचा पूल कोणीं तोडला आहे? धडधाकट माणसाच्या मेंदूंत दोन्ही बाजूंचा व्यवहार अखंड चालूं असतो. बोलण्याचेंच उदाहरण घ्या. शब्द आणि व्याकरण हें मुख्यतः डावीकडचें काम, हें खरें. परंतु आवाजांतील चढउतार ओळखणें, थट्टा कळणें, यांत उजव्या बाजूचा मोठा वांटा असतो. "फार लवकर आलांत हो!" हें वाक्य शब्दार्थानें स्वागतच आहे. तें स्वागत नव्हे हें ज्यामुळें कळतें तो उजवा गोलार्ध आम्हां पुणेकरांच्या घरीं निजलेला असणें केवळ अशक्य आहे! २०१३ सालीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं सात ते एकोणतीस वर्षें वयाच्या हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. विशिष्ट कामें विशिष्ट बाजूला अधिक चालतात, हें त्यांना दिसलें. पण हा माणूस उजव्या मेंदूचा, तो डाव्या मेंदूचा, अशी माणसांची वांटणी त्यांना आढळली नाहीं. आणि डोळे बांधून वाचण्याविषयीं म्हणावयाचें तर, पट्टीच्या खालीं नाकाच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते तींतून वाचतां येतें. अंधश्रद्धा निर्मूलनाचें काम करणाऱ्यांनीं ही युक्ति अनेकदां उघडकीस आणली आहे. त्यांतील वाईट भाग पैशांचा नव्हे. आई-बापांच्या कौतुकाखातर मूल फटींतून पाहतें आणि पाहत नाहीं असें सांगतें, तेव्हां तें लबाडी शिकतें, आणि त्या लबाडीला आपण टाळ्या वाजवितों.

"म्हणजे हें सगळें थोतांडच ना?" भाचीनें विचारलें. तिच्या सुरांत सुटकेपेक्षां निराशा अधिक होती.

थोतांड पत्रकांत आहे. पण ज्या दुखण्यावर तें बोट ठेवतें तें दुखणें खरें आहे. चौथीपर्यंत आपण मुलांना गाणीं म्हणूं देतों, मणी मोजूं देतों, माती कालवूं देतों. पांचवी-सहावींत मूल आलें कीं हें सारें पोरकट ठरतें. फळ्यावरचें वहींत, वहींतलें डोक्यांत, डोक्यांतलें उत्तरपत्रिकेंत, एवढाच मार्ग उघडा राहतो आणि बाकीच्या वाटांना कुलपें लागतात. आणि हें घडतें तें नेमकें अकरा ते चौदा या वयांत, जेव्हां मूल "असें कां?" याच्या पुढें जाऊन "असें नसतें तर?" हें विचारूं लागलेलें असतें. उजवा मेंदू निजत नाहीं. मूलच निजतें, आणि तेंहि शाळेच्या वेळांत.

या कुलपाला किल्ली लावण्याचा आपल्या देशांतील सर्वांत चिकाटीचा प्रयत्न कोणता, असें मला कोणीं विचारलें तर मी होशंगाबादचें नांव घेईन. हें नर्मदाकांठचें गांव मध्यप्रदेशांत आहे. आतां त्याचें नांव नर्मदापुरम् असें झालें आहे. १९७२ सालीं किशोर भारती आणि रसूलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं त्या जिल्ह्यांतील सोळा शाळांत सहावी ते आठवीचें विज्ञान नव्या रीतीनें शिकविण्यास आरंभ केला. शाळा सरकारी, खेड्यांतल्या, साध्या. प्रयोगशाळा नाहीं कीं कांहीं नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील आणि दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञ तेथें जाऊन शिक्षकांच्या शेजारीं बसत.

पुस्तकाचें नांव "बाल वैज्ञानिक". त्याची गंमत अशी कीं, त्यांत उत्तरेंच नव्हतीं! प्रयोग कसा करावा हें दिलेलें असे, पुढें प्रश्न असे, आणि उत्तर मुलांनीं स्वतः पाहून आपल्या वहींत लिहावयाचें. वर्गांत चार-चार मुलांच्या टोळ्या होत. पानांचे प्रकार शिकावयाचे तर टोळी बाहेर पडे, पानें गोळा करी, आणि तीं कोणत्या कसोटीवर वेगळीं करावयाचीं यावरून आपसांत भांडे. वर्गीकरण म्हणजे काय, हें त्या भांडणांतून जेवढें कळतें तेवढें व्याख्या पाठ करून कळत नाहीं. संभाव्यतेसारखा विषय, जो आपल्याकडे पुष्कळांना महाविद्यालयांतहि नीट उमजत नाहीं, तो तेथें नाणीं उडवून आणि छापा-कांटा मोजून मुलें शिकत. "सवालीराम" नांवाचें एक काल्पनिक पात्र होतें. मुलें त्याला मनांत येईल तो प्रश्न पत्रानें विचारीत आणि त्यांना पत्रानें उत्तर येई. खेड्यांतल्या बारा वर्षांच्या मुलाच्या नांवानें पोस्टमन पत्र आणतो आणि तें पत्र त्यानें स्वतः विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असतें! शाळेनें आपली किंमत ओळखली, असें त्या मुलाला वाटल्यावांचून राहिलें असेल काय?

या मंडळींचें खरें शहाणपण मला दोन गोष्टींत दिसतें. एक म्हणजे, शिक्षकांना एकदां शिकवून त्यांनीं सोडून दिलें नाहीं. शिक्षकांच्या मासिक बैठकी होत, अडचणी मांडल्या जात, पुस्तक बदललें जाई. दुसरी गोष्ट परीक्षा. प्रयोगानें शिकवावयाचें आणि परीक्षा मात्र पाठांतराची घ्यावयाची, हा दुटप्पीपणा त्यांनीं केला नाहीं. लेखी परीक्षेंत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्यास परवानगी होती. शिवाय हातानें करून दाखविण्याची परीक्षा वेगळी. सरकारनेंहि ही पद्धति मान्य केली होती. आमच्याकडे हल्लीं "प्रकल्प" म्हणून जें चालतें, म्हणजे रात्रीं दहा वाजतां आईनें थर्मोकोल कापावयाचा आणि बापानें संगणकावरून चित्रें छापून आणावयाचीं, त्याची आणि याची तुलनाच होऊं शकत नाहीं.

१९७८ सालीं हा कार्यक्रम त्या जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ सालीं "एकलव्य" ही संस्था त्यासाठीं उभी राहिली. पुढें इतर जिल्ह्यांतील शेंकडों शाळांपर्यंत तो पोंचला. आणि २००२ सालीं राज्य सरकारनें तो बंद केला. तीस वर्षांचें काम एका हुकुमानें थांबलें. त्याला विरोध करणारे सगळेच दुष्ट होते असें मी म्हणणार नाहीं. आपलीं मुलें पुढच्या स्पर्धेंत मागें तर पडणार नाहींत ना, ही भीति बापाच्या पोटांत असतेच. ती आमच्या जांवईबापूंच्याहि पोटांत आहे. पण ज्या वर्गांत मुलें प्रश्न विचारतात तो वर्ग मोडणें फार सोपें आणि पुन्हां उभारणें फार कठीण, हें त्या हुकुमावर सही करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

आतां माझी स्वतःची एक फजिती सांगतें, म्हणजे नव्या पद्धतीविषयीं मी केवळ स्तुतिपाठक आहें असें कोणास वाटणार नाहीं.

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट. कोणत्याशा शिबिरांत "कृतीतून शिक्षण" हा मंत्र ऐकून मी भारावून परत आलें होतें. सातवीला शिवाजीमहाराजांचें चरित्र होतें. मीं आग्र्याहून सुटकेचें नाटक बसविलें. मुलींनीं पेटारे केले, मिशा लावल्या, पहारेकऱ्यांच्या हातांत पितळी परडे दिले. तीन आठवडे वर्ग नुसता दुमदुमत होता. मुख्याध्यापिकाबाईंनीं कौतुक केलें, पालकांनीं छायाचित्रें घेतलीं. नंतर मीं सहज विचारलें, "महाराज आग्र्याला गेलेच कां?" सगळा वर्ग गप्प. एक मुलगी म्हणाली, "बाई, पेटाऱ्यांतून निसटायला!"

मी हंसलें खरी, पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. हात चालले होते, गळे चालले होते, रंग होता, संगीत होतें. पत्रकांतल्या भाषेंत उजवा मेंदू अगदीं लख्ख जागा होता, आणि विचार मात्र कोणींच केला नव्हता. कारण विचार करण्यासारखें मीं त्यांच्यापुढें कांहीं ठेवलेंच नव्हतें. मिशांनीं इतिहास कळत नाहीं.

पुढच्या वर्षीं नाटक केलें नाहीं. पुरंदरचा तह घेतला. जून १६६५ मध्यें मिर्झाराजे जयसिंहाशीं झालेल्या या तहांत महाराजांना तेवीस किल्ले आणि त्यांखालचा चार लाख होनांचा मुलूख द्यावा लागला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख हातीं राहिला. पाठ्यपुस्तकांत ही हकीकत चार ओळींत उरकलेली असते. मीं बारा किल्ल्यांचीं नांवें निवडलीं: राजगड, तोरणा, रायगड, घोसाळगड, पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली आणि कर्नाळा. डोंगर, नद्या आणि घाट दाखविलेला कोरा नकाशा प्रत्येक टोळीला दिला आणि सांगितलें, "यांतले आठ तुम्हांला शत्रूला द्यावयाचे आहेत, चार ठेवावयाचे आहेत. कोणते ठेवाल, आणि कां?"

दोन तास वर्गाला घंटा ऐकूं आली नाहीं. कोणी म्हणे, पुण्यावर नजर ठेवायची तर कोंढाणा सोडतां येणार नाहीं. कोणी म्हणे, पुरंदरला इतकीं माणसें पडलीं, तो कसा द्यायचा? दुसरी म्हणे, मेलेल्यांसाठीं किल्ला ठेवायचा कीं जिवंतांसाठीं? एका टोळीनें चारहि किल्ले एकमेकांपासून दूर असे निवडले, म्हणजे चहूंकडे पाय राहील. दुसरीनें चारहि जवळजवळ निवडले, म्हणजे एकमेकांना मदत करतील. तिसऱ्या दिवशीं मीं खरी यादी फळ्यावर लिहिली. हातीं राहिले ते राजगड, तोरणा, रायगड आणि घोसाळगड. कोंढाणा गेला, पुरंदर गेला, मावळांतले लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना सगळे गेले. वर्ग चिडलाच! "कोंढाणा कसा दिला, बाई?"

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसत असे. पांच ओळींचें उत्तर तिला कधीं पुरें करतां आलें नव्हतें आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर "मंद" हा शब्द माझ्याच एका सहकारी बाईंच्या अक्षरांत होता. तिच्या टोळीनें तिला नकाशा रंगविण्याचें काम दिलें होतें, कारण दुसरें तिला काय येणार? तिनें गेलेल्या किल्ल्यांना एक रंग दिला, राहिलेल्यांना दुसरा, आणि बराच वेळ बघत बसली. मग हात वर न करतांच म्हणाली, "बाई, राहिलेले सगळे आंत आहेत. डोंगरांत. आणि यादी एकट्या महाराजांनीं नाहीं केली. मागणारानें पण केलीय."

तहाची यादी दोन हातांनीं लिहिलेली असते, हें मला स्वतःला तोंपर्यंत कोणीं शिकविलें नव्हतें. तिच्या हातांत कुंचला नसता तर तिला तें दिसलें नसतें, आणि समोर प्रश्न नसता तर नुसता कुंचला कांहीं दाखविता ना. मला "संपूर्ण मेंदूचें शिक्षण" या शब्दांचा कळलेला अर्थ एवढाच.

त्या चार तासिकांची किंमत मला मोजावी लागलीच. अभ्यासक्रम मागें पडला, वरिष्ठांनीं बोलावून जाब विचारला, आणि वार्षिक परीक्षेंत प्रश्न आला तो "पुरंदरच्या तहाचीं कलमें लिहा, गुण ४." त्या मुलीला चारांपैकीं दीड मिळाला. तेव्हां होशंगाबादच्या लोकांनीं परीक्षाच प्रथम कां बदलली, हें मला तिच्या उत्तरपत्रिकेवरून कळलें.

येथें पाठांतराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. कारण नव्या शिक्षणाविषयीं बोलूं लागलें कीं पाठांतराला झोडपणें ही चाल पडली आहे. तिन्हीसांजेला परवचा म्हणून आणि रामरक्षा म्हणून वाढलेली आपली पिढी, आपल्या बुद्धीला त्यामुळें गंज चढला असें मला मुळींच वाटत नाहीं. वेदपाठाचेंच पहा. जटा, घन या रीतींत शब्द पुढें-मागें, उलटसुलट फिरवून म्हणावयाचे असतात. ती नुसती घोकंपट्टी नव्हे, ती रचनेची कसरत आहे. हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रांत यजुर्वेदाच्या एकवीस पंडितांच्या मेंदूंच्या प्रतिमा घेऊन त्यांची तुलना तेवढ्याच इतर लोकांशीं करण्यांत आली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत पंडितांच्या मेंदूचे स्मरण व भाषा यांच्याशीं संबद्ध भाग दोन्ही गोलार्धांत अधिक भरीव आढळले. यावरून वेदपाठानेंच मेंदू वाढला असें सिद्ध होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तसें सांगत फिरणाऱ्या उत्साही मंडळींना माझा पाठिंबा नाहीं. पण पाठ करणें हें "डाव्या मेंदूचें रटाळ काम" हें पत्रकाचें म्हणणेंहि त्या प्रतिमांपुढें टिकत नाहीं. पाढे पाठ असल्यावांचून गणितांत कल्पना चालवितां येत नाहीं. पाठ करून तेथेंच थांबणें, एवढाच दोष.

सरकारी कागदांवर आतां पुष्कळ गोष्टी मान्य झाल्या आहेत. १९९३ सालीं प्रा. यशपाल यांच्या समितीनें दप्तराच्या ओझ्यापेक्षां न समजण्याचें ओझें अधिक जड असतें असें सांगितलें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्यापाशीं जाऊन काम शिकावें, असें म्हटलें आहे. आपल्या पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापून आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यांतून एक दिवस लोखंडकाम, शेती, विजेचें काम करावयास लावलें, तें याच विचारानें. दहा दिवस हे थोडे आहेत. परंतु सुशिक्षित घरांतून त्यालाहि जी कुरकुर ऐकूं येते, कीं "आमच्या मुलाला का कुंभार व्हायचें आहे?", ती ऐकली कीं वाटतें, आपण पिढ्यान्पिढ्या हातापासून डोकें वेगळें ठेवण्यांत जो मान मानला, त्याचेंच व्याज आज हीं मुलें भरीत आहेत. स्पेरींच्या रोग्यांचा पूल वैद्यांनीं कापला होता. हा दुसरा पूल आमच्याच घराण्यांनीं कापला. हें लिहितांना मीहि त्यांतलीच आहें, हें मला ठाऊक आहे.

मीं भाचीला सांगितलें, रविवारीं मुलाला माझ्याकडे पाठीव. शिकवणी नाहीं, नुसता पाठीव. ती म्हणाली, चित्रकलेच्या वर्गानंतर? मीं म्हटलें, अर्थातच, नंतर.

मीं सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची रबरी नळी आणि वाण्याकडून आगकाड्यांच्या दोन पेट्या आणून ठेवल्या. ही युक्ति अरविंद गुप्ता यांची. पुण्यांतल्या कारखान्यांत नोकरीला असलेले हे अभियंते १९७८ सालीं रजा काढून होशंगाबादला गेले, आणि तेथल्या आठवड्याच्या बाजारांत मिळणाऱ्या क्षुद्र वस्तूंतून त्यांना काड्या आणि नळीची ही जोडणी सुचली. पुढें पुण्यांत आयुकाच्या आवारांत मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं कित्येक वर्षें टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं केलीं. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. नळीचे बारीक तुकडे हे सांधे, गूल काढलेल्या काड्या ह्या भुजा. चार काड्यांचा चौकोन करावा आणि बोटानें कोपरा दाबावा. तो लवतो, कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करावा आणि दाबावा.

मुलानें दाबला. पुन्हां दाबला. मग माझ्याकडे न पाहतां चौकोनांत एक तिरकी काडी घातली. ती आंखूड पडली. "आजी, ही पुरत नाहीं. किती मोठी लागेल?" मीं म्हटलें, मोज. त्यानें मोजपट्टीनें मोजलें आणि लिहिलें. मग दोन काड्यांचा एक भुज करून मोठा चौकोन केला आणि त्याचा कर्ण मोजला. दोन्हीं वेळां कर्णाला भुजानें भागलें तर उत्तर जवळजवळ तेंच कां येतें, हें त्याला मुळीं सांगावें लागलें नाहीं. तें त्यानें मला विचारलें. सातवीच्या पुस्तकांत पायथागोरस आहे. त्याच्या शाळेंत तो धडा जानेवारींतच होऊन गेला होता.

सहा वाजतां जांवईबापू त्याला न्यावयास आले. ते दारांतच उभे होते. बूट काढले नव्हते. मुलगा जमिनीवर पसरलेल्या काड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा, तुमच्या शेडच्या छपराला खालून असेच त्रिकोण असतात ना?" त्यांनीं क्षणभर पाहिलें. मग बूट काढले, विजारीच्या गुडघ्यांची इस्त्री सांभाळीत खालीं बसले आणि कैंचीला कोठें ताण येतो, कोठें दाब येतो, हें काड्या मोडून दाखवूं लागले. अर्ध्या तासांत माझ्या दोन्ही पेट्या संपल्या. मुलगा तें सारें वहीच्या समासांत काढून घेत होता, आणि या वेळीं त्याला कोणीं हटकलें नाहीं.

चित्रकलेच्या वर्गाचा निकाल अजून लागलेला नाहीं. गणिताच्या शिकवणीचे पैसे भरलेले आहेत, ते परत मिळत नाहींत, असें जांवईबापूंचें म्हणणें. पत्रकाचा फॉर्महि भाचीच्या पर्समध्यें तसाच आहे; परवां किल्ली शोधतांना तो तिच्या हातांत आला, तिनें घडी उलगडून पाहिली आणि पुन्हां आंत ठेवला. सवलतीची मुदत तीस तारखेला संपते.